हेडाजवळचे दोन नट

गंगाखेडहून लोह्याकडे जाताना पालम लागते. परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्यात एमएच 22 च्या मोटारसायकलीला शेतीचीही कामे करावी लागतात. खताची गोणी, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, सगळे तिच्यावरच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल सायलेन्सरला थापल्यासारखा बसतो, गाडी तापली की वाळून घट्ट होतो आणि त्याच्याखाली पत्रा गंजत राहतो. मग एक दिवस सायलेन्सरला भोक पडते, बाजारातून दुसरा आणला जातो आणि मेकॅनिकची गाठ पडते ती बेंड पाईप इंजिनाच्या हेडाला धरून ठेवणाऱ्या दोन नटांशी.

हे नट पूर्वी इतके छळत नसत. येझदी, राजदूत आणि 1985 ते 1996 या काळात भारतात तयार झालेली यामाहा आरएक्स 100 या टू-स्ट्रोक गाड्यांचा तो काळ. त्यांच्यात पेट्रोलबरोबर ऑईलही जळे, आणि त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या जाळीत साचे. जाळी तुंबली की गाडी ओढत नसे. मग सायलेन्सर उतरवायचा, जाळी विस्तवावर जाळायची किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवायची, खरवडून परत बसवायची. ठराविक दिवसांनी हे करावेच लागे, त्यामुळे आटे मोकळे राहत.

1994 मध्ये हीरो होंडाची स्प्लेंडर आली. फोर-स्ट्रोक इंजिनाला असली साफसफाई लागत नाही. सायलेन्सर दहा-दहा वर्षे कोणी हलवेना आणि तिथेच नट जाम होऊ लागले. कारण साधे आहे. नट ज्यावर बसतो तो स्टड पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचे. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात ओल शिरली की झीज वाढते. वर रोजचे तापणे-निवणे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांत पाचर मारल्यासारखा बसतो.

इथे घाई केली की स्टड तुटतो. जाणता मेकॅनिक आधी तारेच्या ब्रशने गंज झाडतो, गंज सोडवणारे तेल सोडतो आणि शक्य असेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी सहा कोनांची गोटी बसवतो. बारा कोनांचा रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. पहिला झटका उलटा नसतो. नट आधी किंचित आवळायचा, ‘कट्’ असा बारीक आवाज आला की गंजाची पकड सुटली असे समजायचे, मग पाव वळसा सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा तेल. तरीही हलला नाही तर टाकी काढून बाजूला ठेवायची आणि फक्त नटाला गॅसची आच द्यायची. नट फुगतो आणि सुटतो. स्टड आट्यांतच अडकला असेल तर आच हेडाला द्यावी लागते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. स्टड तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्ड करून तो फिरवतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेच बरेचदा काम होते. बसवताना नवे पॅकिंग आणि आट्यांना तांब्याचे ग्रीस लावले, तर पुढच्या वेळी ही झुंज टळते. पाच मिनिटांच्या या कामाकडे फार थोडे जण लक्ष देतात, आणि ते चूक आहे.

दरम्यान सायलेन्सर काढण्याचे कारणही बदलले. जुन्या बुलेटचा ठोका तिच्या लांब स्ट्रोकच्या 346 सीसी इंजिनातून यायचा. 2009 च्या सुमारास बुलेट नव्या ॲल्युमिनियम इंजिनावर गेली. जुना ठोका हरवला अशी कुरकुर सुरू झाली, आणि सायलेन्सरच्या आतली पुंगळी काढण्याचे, इंदोरी फटाका सायलेन्सर बसवण्याचे लोण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. या आवाजाचा त्रास खरा आहे. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे; फटाका वाजवत गेलेली एक बुलेट झोपलेले तान्हे मूल आणि आजारी म्हातारा दोघांनाही जागे करते. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवला, तो उगाच नव्हे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे निकष लागू झाले, तेव्हापासून या कामात आणखी एक जोखीम आली. धूर स्वच्छ करणारा, प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आता एक्झॉस्टमध्येच असतो आणि बऱ्याच गाड्यांत बेंड पाईपला ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याचा कपलर आधी न सोडवता पाईप ओढला की वायर तुटते, आणि कन्व्हर्टरच काढून टाकला तर गाडी कायद्याने रस्त्यावर चालवण्याजोगी राहत नाही.

सायलेन्सर गंजून फुटला असेल तर तो बदलावाच, पण कंपनीच्याच मापाचा आणि कन्व्हर्टरसकट. हौसेखातर धडधाकट सायलेन्सर उतरवणाऱ्याने मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम 190(2) वाचून ठेवावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे नियम मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि लायसन्स बाळगायला तो तीन महिने अपात्र ठरतो.