गाडीतला टेप मुका झाला तेव्हा…

"आई, अपडेटला 'हो' म्हणालीस कशाला तू?" मुलगा फोनवरून विचारत होता. आता घ्या! पंधरा दिवस रोज रात्री तो फोन मला विचारतोय, 'आता करू की नंतर करू?' रोज मी आपली 'नंतर' दाबतेय. एका बुधवारी रात्री भांडी आवरून दमून बसले होते, दाबलं 'आता'. सकाळी उठून बघते तर फोन नव्या नवरीसारखा नटलेला. अक्षरं गोलगोल, घड्याळ मोठं, रंग निराळे. म्हटलं, छान झालं.

छान काय झालं ते गुरुवारी अकरा वाजता कळलं.

मैत्रिणींनो, गुरुवार हा माझा फिरतीचा वार. बार्शीहून निघायचं आणि वैराग रस्त्याच्या आजूबाजूच्या चार-पाच गावांतले बचत गट करत संध्याकाळी घरी. गाडी जुनी घेतलेली, छोटीच. तिच्यात आधीच्या मालकानं बसवलेला एक टेप आहे. दुकानदार त्याला 'स्टेरिओ' म्हणतो, आम्ही अजून टेपच म्हणतो. कॅसेट नाही की काही नाही. फोन पर्समध्ये असतो, आणि रिंग वाजली की टेपच्या पट्टीवर नाव उमटतं. स्टेअरिंगवरचं बटण दाबायचं, समोरच्याचा आवाज गाडीत घुमतो. गाडी चालवताना फोन हातात धरणं वाईटच, आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून त्याचा दंडही चांगलाच वाढलाय. मला स्वतःला चालत्या गाडीत लांब बोलायला आवडत नाही. "थांब, गाडी बाजूला घेते," एवढं सांगण्यापुरता तो टेप माझ्या कामाचा.

आणि त्या गुरुवारी नेमकं तेवढंच सांगायचं होतं.

त्या मार्गावरच्या एका गावात एक मुलगी आहे. तिला विचारूनच लिहितेय, पण नाव-गाव सांगणार नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली. घरात काय चाललंय ते तिनं गटाच्या बैठकीत नाही, तर बैठक संपल्यावर चपला घालताना मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. तिच्या हातात स्वतःचा फोन नाही. घरात एक साधा फोन असतो. गुरुवारी बाजाराचा दिवस, सासूबाई बाजाराला जातात, तेव्हा अकराच्या सुमारास ती मला फोन लावते. बोलून झालं की माझा नंबर त्यातून पुसून टाकते. आणि आमचा एक नियम आहे: मी तिला उलट फोन कधीही करायचा नाही. पलीकडं कोण उचलेल सांगता येत नाही.

अकरा वाजून गेले होते. रिंग आली, पट्टीवर तिचं नाव आलं. मी बटण दाबलं. पट्टीवर सेकंद पळायला लागले, एक, दोन, तीन… पण आवाज नाही! मी आपली "हॅलो, अगं बोल, हॅलो" करतेय. टेप ढिम्म. आरसा बघून गाडी कडेला घेईपर्यंत, पर्सची चेन उघडेपर्यंत फोन बंद झाला होता. बावीस सेकंद. बावीस सेकंद ती पोर एकटीच बोलत होती की गप्प उभी होती, मला कळायला मार्ग नाही. उलट फोन करायचा नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत वाट बघायची.

अर्धा तास तिथंच बसून राहिले. फोन पुन्हा आला नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी तिघांना विचारलं. यजमान म्हणाले, "त्यात काय, फोन मांडीवर ठेव आणि उचल." मुलगा पुण्याला असतो, तो म्हणाला, "रीसेट कर." काय रीसेट करू, ते सांगायला त्याला वेळ नव्हता. शुक्रवारी साऊंडवाल्याच्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं बटणं दाबून पाहिली आणि सांगितलं, "टेप गेला मॅडम, आठ हजारात स्क्रीनवाला बसवून देतो." सांगता सांगता तो टेपच्या पट्टीवर माझी फोनची यादी सरकवत होता, "कुणाला लावून बघू?" असं म्हणत. माझे सगळे नंबर, आणि कालपर्यंत कुणाकुणाचे फोन आले तेही, एकाखाली एक पट्टीवरून सरकत होते. त्यात तिचं नाव, नावापुढं तिचं गाव. मीच शहाणपणानं तसं साठवलेलं. पोरगा सालस होता हो, पण आपली गावं किती लहान असतात! माझ्या पोटात गोळा आला. "राहू दे," म्हणून मी गाडी घेऊन घरी आले.

मग रविवारी दुपारी वही-पेन घेऊन गाडीतच ठाण मांडलं. शेजारच्या मुलीला सांगितलं, गॅलरीत उभी राहा आणि मी हात केला की मला फोन लाव. बाया गॅलरीतून हसत होत्या, हसू देत.

पहिली गोष्ट मी केली ती स्वयंपाकघरातली. मिक्सर चालेना तर आपण लगेच मिक्सर टाकून देतो का? त्याच पिनमध्ये आधी दुसरं काहीतरी लावून बघतो. तसा यजमानांचा फोन त्या टेपला जोडून पाहिला. त्यांचा आवाज खणखणीत! म्हणजे टेप ठणठणीत होता. आठ हजार वाचले, आणि दुखणं माझा फोन आणि टेप यांच्यामधलं आहे हे कळलं. मग त्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद करून ठेवलं, नाहीतर टेप त्यांनाच धरून बसतो आणि आपण आपल्या फोनला दोष देतो.

आता नाव दिसतंय, बटण चालतंय, मग आवाज का नाही? ब्लूटूथ म्हणजे एकच वाट नसते. 'फोन आलाय, उचलला, ठेवला' हा सांगावा एका वाटेनं जातो, बोलण्याचा आवाज दुसऱ्या. गाण्याची वाट निराळी, नंबरांच्या यादीची निराळी. म्हणून कुणाच्या गाडीत गाणी वाजतात पण फोन ऐकू येत नाही, कुणाच्या गाडीत त्याच्या उलट. फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथच्या यादीत टेपचं नाव असतं, त्याच्या शेजारी दातेरी चाक. ते दाबलं की 'फोन कॉल', 'मीडिया', 'संपर्क' अशी छोटी बटणं दिसतात. अपडेटनंतर यातलं एखादं बंद पडलेलं असू शकतं. आधी ते बघायचं. माझी सगळी चालू होती. म्हणजे इतक्यावर सुटका नव्हती.

मग फोनमधून टेपचं नाव काढून टाकलं. इंग्रजीत तिथं 'फरगेट' असतं, फोन मराठीत केला असेल तर 'विसरा'. मला तो शब्द फार आवडला! विसरले, पुन्हा जोडायला गेले, तर जोडणीच होईना. दोनदा, तीनदा. घामाघूम. रडकुंडीला आले होते खरं सांगायचं तर.

चूक अशी होती की मी एकीकडूनच विसरले होते, टेप मला विसरलाच नव्हता. पहिल्यांदा जोडताना फोन आणि टेप एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. मी फोनमधली किल्ली टाकून दिली होती, टेप जुनीच पुढं करत होता. टेपच्या मेनूमध्ये जाऊन 'डिलीट' शोधलं, तर तिथं माझ्या आणि यजमानांच्या फोनखाली आणखी दोन नावं! आधीच्या मालकाचा फोन आणि बहुधा त्यांच्या मुलीचा. आम्ही गाडी घेऊन दोन वर्षं झाली, आणि ती माणसं अजून आमच्या टेपमध्ये राहतायत. अशा टेपला ठरावीकच फोन लक्षात ठेवता येतात, यादी भरली की नवा फोन घेताना तो कुरकुरतो. सगळी नावं पुसली.

पुसल्यावर फोन बंद करून चालू केला. टेपचं मात्र नुसतं बटण बंद करून भागत नाही. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो थोडा वेळ जागा असतो. म्हणून चावी काढली, दारं लावली, वर जाऊन चहा टाकला. पंधरा मिनिटांनी खाली येऊन नव्यानं जोडणी केली. दोन्हीकडं एकच आकडा आला, 'बरोबर' म्हटलं. (जुन्या टेपना 0000 नाहीतर 1234 लागतो.) गॅलरीकडं हात केला. रिंग. बटण. "काकू, ऐकू येतंय का?" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल, एवढा आवाज!

यानंही जमलं नसतं, तर फोनमध्ये नेटवर्क सेटिंगचं रीसेट असतं. त्यात वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात, फोटो जात नाहीत. पण त्याच पानावर 'फॅक्टरी रीसेट' असतं, त्याला हात लावू नका, त्यात फोनमधलं सगळंच पुसलं जातं. मुलगा 'रीसेट कर' म्हणाला, तेव्हा यातलं कुठलं हे त्यानं सांगितलं नव्हतं बरं का! वायरनं फोन जोडायची गाडी असेल तर आधी वायर बदलून बघा. आमच्या जाऊबाईंच्या गाडीच्या स्क्रीनवर नकाशा येईना, तर त्यांची वायर नुसती चार्जिंगची निघाली. आतून माहिती नेणारी तारच नव्हती तिच्यात.

गाडी नाही म्हणून हे सोडून देऊ नका. भिशीच्या कार्यक्रमातला स्पीकर, कानातले ते बिनवायरचे बोंडले, सगळ्यांची हीच तऱ्हा. आणि 'ब्लूटूथ' हे नाव कुठून आलं माहितीय? दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होता. त्यानं विखुरलेले लोक एकत्र आणले म्हणे, म्हणून त्याचं नाव दिलं. ती निळी खूणही त्याच्या नावाच्या दोन जुन्या अक्षरांची. असो.

खरं सांगायचं ते पुढंच. नव्यानं जोडताना फोननं विचारलं, 'संपर्क आणि कॉलची यादी या टेपला बघू द्यायची का?' दोन वर्षांपूर्वी मी न वाचता 'हो' म्हटलं असणार. या वेळी 'नाही' म्हटलं. आता पट्टीवर नाव येत नाही, नुसता नंबर येतो. येऊ दे. माझ्याकडं बायका जे बोलतात ते माझ्यापुरतं असतं, आणि ती यादी गॅरेजमध्ये, साऊंडवाल्याकडं, गाडी धुवायला नेणाऱ्या पोराच्या समोर उघडी पडत होती. काही टेप तर फोन जवळ नसतानाही यादी धरून ठेवतात. तुमची गाडी विकायला काढाल तेव्हा आरसीचे कागद बघता ना, तसा टेपही पुसून द्या. भाड्याच्या गाडीला गाण्यासाठी फोन जोडलात, तर उतरताना नाव काढून टाका. आणि तिचं नाव? ते मी फोनमध्ये बदललं. आता ती 'शिलाई मशीन' आहे.

गुरुवारी पावणेअकरालाच गाडी रस्त्याकडेच्या लिंबाखाली लावून बसले. शेजारी गटाच्या खजिनदार होत्या, त्यांना वैरागला सोडायचं होतं. आता नवीनच घोर. टेप दुरुस्त झाला, म्हणजे तिचं बोलणं या बाईंनाही ऐकू जाणार! ही युक्ती मी आदल्या रात्री करून बघितली होती. फोन चालू असताना त्याच्या स्क्रीनवर आवाजाचं चिन्ह असतं, ते दाबलं की ब्लूटूथ की फोन असं विचारतो. 'फोन' म्हणायचं, की आवाज टेपमधून निघून कानाशी येतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी नंबर आला. उचलला, चिन्ह दाबलं, फोन कानाला लावून खाली उतरले.

"ताई," ती म्हणाली, "मागल्या गुरुवारी मी सगळं सांगितलं तुम्हाला. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मला ऐकूच आलं नाही गं," मी म्हटलं. "पुन्हा सांग."

लिंबाखाली उभी राहून वीस मिनिटं ऐकत होते. पुढच्या सोमवारी तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्यांकडं जायचं ठरलं. न्यायला मीच गेले. जाताना टेप बंद ठेवला होता.