मूळ की पान? अश्वगंधेच्या घटकांची ओळख

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या कोरड्या मुलखात बांधावर व पडीक जागेत आपोआप वाढणारी आसंध किंवा डोरगुंज म्हणजेच अश्वगंधा. आयुर्वेदिक फार्माकोपियाने तिचे वाळलेले मूळ औषधी मानले आहे. परंतु बाजारातील चूर्ण वा अर्क मुळाचाच आहे हे ओळखावयाचे कसे, हा प्रश्न प्रत्येक वैद्याच्या व औषधालयचालकाच्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रयोगशाळेत मुळांचे भरड चूर्ण मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात. तो आटवून सिलिका जेल भरलेल्या काचेच्या नळीतून निरनिराळ्या द्रावकांच्या साहाय्याने हळूहळू उतरवितात. घटक एकामागून एक वेगळे होतात. प्रत्येक अंश टीएलसी पट्टिकेवर तपासून एकच ठिपका देणारे अंश एकत्र करतात व पुढे शुद्ध करतात.

खरी कसोटी यापुढे लागते. विदाफेरिन-ए आणि विदानोलाइड-ए या दोन्ही घटकांच्या रेणूंत २८ कार्बन, ३८ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणू असतात. रेणुभारही एकच, सुमारे ४७०. म्हणून केवळ वस्तुमान पाहून त्यांत भेद करता येत नाही. अणूंची मांडणी एनएमआर तपासणीतूनच स्पष्ट होते. विदाफेरिन-एची संरचना लावी, ग्लॉटर व श्वो या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. विदाफेरिन-ए सामान्यतः पानांत, तर विदानोलाइड-ए मुळांत अधिक आढळते. साहजिकच, स्वस्त पानांचा अर्क मिसळूनही 'एकूण विदानोलाइड' चे प्रमाण गाठता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्याची सूचना केली, ती याच पार्श्वभूमीवर.

आम्ही व्यवसायबंधूंना सुचवितो की, शक्यतो अखंड मूळ खरेदी करून चूर्ण स्वतः करावे. विकतचे चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. मुळाच्या चूर्णात पिष्टकण विपुल दिसतात, पर्णरंध्रे दिसल्यास पानांची भेसळ समजावी. अर्कात मात्र ही चिन्हे उरत नाहीत. तेथे दोन्ही घटकांचे स्वतंत्र प्रमाण आणि प्रमाणित मुळाशी तुलना दाखविणारा अहवाल मागावा. वाण, जमीन व काढणीचा काळ यांनुसार प्रमाण बदलते, म्हणून एकाच आकड्यावर निर्णय देऊ नये. रुग्ण आपल्या हातून घेतो ते मूळच आहे, एवढी खात्री देणे आपले कर्तव्य होय.