गाडीचा मोतीबिंदू

मंडळी, "काय दिवे लावलेत!" हे वाक्य आपण सर्वांनी लहानपणी कधी ना कधी ऐकलेलं आहे, बहुधा प्रगतिपुस्तक वडिलांच्या हातात असताना. या वर्षी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी खरोखरच दिवे लावले. गाडीचे! त्याचीच ही हकिकत. ऐकायला गमतीची वाटेल, पण या भानगडीत माझं रात्रीचं ड्रायव्हिंग जवळजवळ सुटलं होतं, म्हणून जरा नीट सांगतो.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाहून आम्ही दोघं परत येत होतो. आमच्या घराकडचे शेवटचे चार मैल म्हणजे दोन लेनचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडी. दिव्याचा खांब औषधालाही नाही. मी ताशी चाळीस मैलांनी चाललो होतो. एकदम ही ओरडली, "अहो, हरीण!" मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा हरीण आणि आम्ही यांच्यात फार तर एका गाडीचं अंतर उरलं होतं. मागच्या सीटवरचा उरलेल्या श्रीखंडाचा डबा खाली येऊन उपडा झाला.

"तुम्हाला दिसलंच नाही का ते?" हिने विचारलं.

"दिसलं होतं की. थांबतच होतो," मी म्हणालो. ही शुद्ध थाप होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे गेले, आता वय झालं, असं मनाने घेतलं. मग मी कोणाला न सांगता संध्याकाळनंतर गाडी काढणं बंद केलं. भजनाला जाणं थांबलं. मंडळाच्या गणपतीच्या नाटकासाठी दिग्दर्शकांचा फोन आला, तर "यंदा जरा कामं आहेत" म्हणून सांगितलं. रिटायर्ड माणसाला कसली आलीत कामं? पण तालमी रात्री दहाला संपतात आणि परतीचा रस्ता तोच. या देशात गाडी सुटली की माणूस घरी बसतो, हे आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना वेगळं सांगायला नको.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, ऑपरेशनची आज गरज नाही, असं ते म्हणाले. म्हणजे दोष कशाचा, ते कळेना.

ते कळलं मेमोरियल डेच्या वीकएंडला. कन्या घरी आली होती. रात्री दूध आणायला माझी गाडी घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, तुमच्या गाडीला हेडलाइट्स आहेत की नुसतं डेकोरेशन?" तिने मला हाताला धरून ड्राइव्ह-वेवर नेलं. चौदा वर्षांची गाडी. दोन्ही दिव्यांवर पिवळट साय धरलेली. मोतीबिंदू माझ्या डोळ्यांपेक्षा गाडीलाच जास्त झाला होता! गाडी मी दर आठवड्याला धुतो, पण पुढे उभं राहून दिव्यांकडे बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काच नव्हे, प्लॅस्टिक

आपल्या डोक्यात अजून अँबॅसडर आणि फियाटचे गोल काचेचे दिवे असतात. ओल्या वर्तमानपत्राने पुसले की लख्ख! अमेरिकेतही १९४० सालापासून सीलबंद काचेचेच दिवे सक्तीचे होते. बल्ब गेला की अख्खा दिवा बदलायचा, त्यामुळे काच जुनी व्हायचा प्रश्नच फारसा येत नसे. १९८३ साली नियम बदलला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून गाडीच्या आकाराला साजेसे प्लॅस्टिकचे दिवे आले.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण ओरखडे लवकर पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यात त्यावर एक कडक पारदर्शक थर देतात. ऊन, वाळू, हिवाळ्यातलं मीठ यांनी तो थर झिजला की साय धरू लागते. मग बल्बचा उजेड सरळ पुढे न जाता चहूकडे विखुरतो. आपल्याला दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. जास्त झगझगीत बल्ब घालणं हा त्यावर उपाय नव्हे, त्याने विखुरणारा उजेडच वाढतो.

ट्रिपल ए ने २०१८ साली मोजून पाहिलं, तर अशा धुरकट दिव्यातून नव्या दिव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड पडत होता. आता हिशोब करा. ताशी ४० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ५९ फूट. शिवाय साठीनंतर डोळ्यांना मुळातच जास्त उजेड लागतो. माझं हरीण मला का दिसलं नाही, ते इथे कळलं.

पंचवीस डॉलर आणि एक शनिवार सकाळ

डीलरने दोन नव्या दिव्यांचे आठशे डॉलर सांगितले. मी नमस्कार करून घरी आलो आणि आधी टूथपेस्ट लावून पाहिली. "गाडीचे दात घासताय का?" इति सौ. दिवे चमकले, पण तीन आठवड्यांत पुन्हा होते तसे. टूथपेस्टने वरची साय थोडी निघते, पण उन्हापासून संरक्षण काहीच मिळत नाही. कोणी डासांचा स्प्रे मारायला सांगेल, तो तर मुळीच मारू नका. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवतं आणि उडालं तर रंगही खराब करतं.

शेवटी पंचवीस डॉलरच्या आत मिळणारं किट आणलं. कृती अशी:

१. गाडी सावलीत घ्या. दिवे साबणाने धुऊन पुसा. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवा, नाहीतर रंग खरवडला जाईल.

२. आपल्याकडच्या गराजात ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तो ओला सँडपेपर घ्या. आधी ८०० नंबरचा, मग १५००, शेवटी ३०००. दिवा आणि पेपर सतत ओले ठेवा. एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा घासा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पहिल्यांदा हळदीसारखं पिवळं पाणी निघतं. ते ताकासारखं पांढरं होईपर्यंत थांबू नका.

३. या वेळी दिवा पूर्ण पांढुरका दिसतो आणि आपण होतं तेही घालवलं असं वाटून पोटात गोळा येतो. घाबरू नका. रबिंग कंपाउंड लावून मऊ फडक्याने घासा, काचेसारखा होईल.

४. रबिंग अल्कोहोलने पुसून कोरडा करा आणि किटमधला यूव्ही कोट एका दिशेने, सलग हाताने लावा. पुन्हा पुन्हा फिरवू नका. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत पाणी लागू देऊ नका.

ही चौथी पायरीच सगळ्यात महत्त्वाची. चमक आली की माणूस खूश होऊन हात धुतो. पण घासून आपण उरलासुरला जुना थरही काढलेला असतो. नवा थर दिला नाही, तर दिवे काही महिन्यांत पुन्हा पिवळे होतात.

दिव्याच्या आत पाणी शिरलं असेल किंवा तडे गेले असतील तर मात्र दिवाच बदलावा लागतो. आणि खरं तेही सांगतो: ट्रिपल ए च्याच तपासणीत घासून साफ केलेल्या दिव्यांचा उजेड नव्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला, पूर्ण नाही. तो थरही कायमचा नसतो, वर्षातून एकदा बघावं लागतं. तरी विसाचे सत्तर म्हणजे माझ्या प्रगतिपुस्तकात कधी न झालेली प्रगती!

त्याच आठवड्यात दिग्दर्शकांना फोन केला. महत्त्वाची भूमिका अर्थातच गेली होती. पोस्टमनची उरली होती, ती घेतली. पहिल्या तालमीहून परत येताना त्याच रस्त्यावर, बरंच पुढे, कडेला दोन डोळे चमकले. मी वेग कमी केला. हरीण रस्ता ओलांडून गेलं.

"त्या रात्री मला ते दिसलं नव्हतं," मी हिला म्हणालो.

"माहीत आहे मला," ही म्हणाली. "म्हणून तर मी भजनाला चला असा आग्रह केला नाही."

तेव्हा मंडळी, आमच्या न्यू जर्सीत २०१० पासून साध्या खाजगी गाडीच्या तपासणीत फक्त धुराचं बघतात. दिवे आपले आपण बघायचे. आज संध्याकाळी गाडीसमोर उभे राहा. आणि घरातल्या कोणी आजी-आजोबांनी अलीकडे अंधार पडल्यावर बाहेर पडणं सोडलं असेल, तर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जरूर न्या. पण जाता जाता त्यांच्या गाडीचे दिवेही बघा.