जांभळाचा रंग पोटात कुठवर पोचतो?

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा बाजारात जांभळं आलेली असतात. जीभ रंगवणारं त्यांच्यातलं द्रव्य म्हणजे अँथोसायनिन. ते सालीत भरपूर असतं, पाण्यात उतरतं आणि आंबटात टिकतं. जांभळाच्या पाण्यात लिंबू पिळा, रंग लालबुंद होतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, तोच निळसर पडतो. म्हणूनच अर्क काढताना पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये थोडं आम्ल घालतात. फार उकळलं तर मात्र रंगाची वाट लागते.

पण बाटलीत उतरलेलं सगळं अंगी लागत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ पुरुषांना अशाच रंगद्रव्याची, कार्बनची खूण केलेली मात्रा दिली. लघवी आणि श्वासात मिळून तिचा जेमतेम 12 टक्के माग लागला. मग जांभूळ खाऊन उपयोग काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण मूळ रंग शोषला गेला नाही म्हणून तो वाया गेला असं होत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याची मोडतोड करून फिनॉलिक आम्लं बनवतात आणि त्यातली काही रक्तात जातात. या जिवाणूंना तंतूही लागतात, आणि रस गाळताना आपण नेमका तोच चोथा फेकतो! त्यामुळे महागड्या अर्कापेक्षा सालीसकट जांभूळ, करवंद मला उजवं वाटतं. मधुमेहाची गोळी मात्र जांभळाच्या भरवशावर बंद करू नका. तेवढा पुरावा नाही.