बॉनेटखाली (भाग ११) : एकशे साठचा थर्मोस्टॅट

मागच्या आठवड्यात आपण रेडिएटरच्या झाकणापाशी थांबलो होतो. पाण्यात निम्मं ग्लायकॉल घातलं आणि वर चौरस इंचाला १५ पौंड दाब धरणारं झाकण लावलं, तर ते मिश्रण १२९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, एवढं तिथे पाहिलं. तो आकडा आज हाताशी ठेवा. त्याचा विसर पडल्यामुळे पुष्कळ लोकांनी पुष्कळ पैसे खर्च केले आहेत.

उदाहरण घेऊ अमेरिकेतल्या कॉर्व्हेटचं. १९९७ साली शेव्हरोलेने या गाडीची पाचवी पिढी आणली. तिच्यात ५.७ लिटरचं एलएस१ हे नवं व्ही-८ इंजिन होतं, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, ताकद ३४५ अश्वशक्ती. एक बटण दाबलं की कूलंटचं तापमान थेट आकड्यात समोर येई, आणि इथेच मालकांची झोप उडाली. एरवीचा काटा मधोमध बसून राहतो, आठ-दहा अंशांचा फरक तो दाखवतही नाही. आकडा मात्र काही लपवत नाही. सिग्नलला गाडी उभी राहिली की फॅरनहाइटमध्ये २००, २१०, २२० असा तो चढत जातो. पाणी २१२ ला उकळतं हे शाळेत पाठ केलेलं असतं, १२९ सेल्सिअसचा तो आकडा मात्र विसरलेला. आणि फॅन? तो गप्प. कंपनीने त्याला २२६ ला, म्हणजे १०८ अंश सेल्सिअसला, कमी गतीने सुरू व्हायला सांगितलेलं आणि २३५ ला पूर्ण गतीने. मग कुणीतरी सल्ला देतं की मूळचा १८६-१८७ अंशांचा थर्मोस्टॅट काढ आणि १६० चा टाक. १६० म्हणजे ७१ अंश सेल्सिअस. सुटा भाग म्हणून तो सहज मिळतो, आणि ‘परफॉर्मन्स’ हा शब्द छापलेल्या खोक्यात येतो.

टाकावा का? माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत नको. ड्रॅग स्ट्रिपवर पळवायच्या गाडीत चालेल, पण तिथेही नुसता तेवढाच नको.

थर्मोस्टॅटच्या पोटात एक पितळी कुपी असते आणि तिच्यात मेण. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. झडप उघडायला सुरुवात झाल्यावर ती पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश सेल्सिअस लागतात. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून इंजिनातच फिरत राहतं. म्हणजे थर्मोस्टॅट ठरवतो तो तापमानाचा तळ. पाणी यापेक्षा थंड होऊ नये, एवढीच त्याची नोकरी. वरची मर्यादा ठरते रेडिएटर, फॅन, पंप आणि समोरून येणारी हवा यांच्यावर. धरणाचा दरवाजा तासभर आधी उघडला म्हणून खालचा कालवा काही रुंद होत नाही.

आता सिग्नलवरची कॉर्व्हेट पुन्हा पाहा. १०८ अंशांवर मूळचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला आहे आणि १६० चा असता तर तोही पूर्ण उघडाच असता. दोघांत फरक शून्य. गाडी उभी, हवा नाही, फॅन बंद. पाणी तापत १०८ पर्यंत जाणारच, कारण फॅन तिथेच सुरू होतो. नवा थर्मोस्टॅट बसवलेल्या गाडीला तिथे पोहोचायला थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच. फरक पडतो तो महामार्गावर, जिथे वारा फुकट मिळतो. तिथे आकडा खरोखर खाली येतो. पण महामार्गावर गाडी तापतच नव्हती!

त्यात या पिढीच्या कॉर्व्हेटची एक खोड आहे. ती रेडिएटरसाठी बहुतेक हवा नाकाच्या खालून, रस्त्यालगतून ओढते. त्यामुळे पाला, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या वर खेचल्या जातात आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जमतात. हवा वर वळवणारी रबरी पट्टी नाकाखाली असते. फुटपाथच्या कडेला घासून ती तुटते, आणि तुटली की वेगात असतानाही गाडी तापू लागते. थर्मोस्टॅट मागवण्याआधी गाडीखाली वाकून ही पट्टी पाहावी आणि ती फट साफ करावी. यात निम्म्या तक्रारी मिटतील असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पण पैज लावायला तयार.

उन्हाळ्याचा हिशोब आणखी रोखठोक आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. बाहेर ४० अंश आणि पाणी ९० असेल, तर फरक ५०. पाणी ७५ वर ठेवायचं म्हटलं, तर फरक उरतो ३५. त्याच रेडिएटरची, त्याच फॅनची क्षमता ३० टक्क्यांनी घटली. म्हणजे ॲरिझोनातल्या जुलैत किंवा विदर्भातल्या मे महिन्यात इंजिनावर खरा भार आला, की कमी अंशांचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडून हात वर करतो आणि पाणी आपल्या मर्जीने चढत जातं.

आपल्याकडे यावर एक देशी तोडगा होता, अजूनही कुठेकुठे दिसतो : थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा. “आपल्या हवेला कशाला लागतोय तो?” असं म्हणत मेकॅनिक तो बाजूला ठेवून देई. कारण अगदीच खुळं नव्हतं. कूलंटऐवजी नळाचं किंवा विहिरीचं पाणी, त्याने धरलेले क्षार, बंद अवस्थेत अडकलेली झडप आणि घाटात उकळणारी गाडी हे सगळं मेकॅनिकने पाहिलेलं असे. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला दुसरी एक चकती असते. पाणी तापल्यावर बायपास बंद करणं हे तिचं काम. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि तापलेलं पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं. गाडी थंड व्हावी म्हणून केलेला इलाज घाट चढताना तिला जास्तच तापवतो. एलएस१ मध्येही ही चकती आहे.

मग १६० चा आकडा आला कुठून? पूर्वी अमेरिकेत थंडीसाठी पाण्यात अल्कोहोल मिसळत. मिथेनॉल तर ६५ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणून त्या गाड्यांना कमी अंशांचे थर्मोस्टॅट लागत. ग्लायकॉल रुळल्यावर १८० चे आले, आणि धुराचे कायदे कडक होऊ लागले तसे १९५ चे. इंजिन गरम असलं की पेट्रोल नीट वाफाळतं, भिंतींजवळचं मिश्रण न जळता कमी सुटतं. त्यामुळे ‘कंपनीने प्रदूषणासाठी तापवलंय, आपण थंड करून ताकद परत मिळवू’ अशी समजूत पसरली. ती अर्धी खरी आहे. त्या खऱ्या अर्ध्याकडे वळू.

इंजिनाच्या ताकदीचा खरा शत्रू नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते, आणि ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप पेटतं, ठोका बसतो. सिलिंडरवरचं हेड थंड असेल तर आत येणारी हवा वाटेत कमी तापते, तो कोपराही कमी तापतो, आणि ठिणगी थोडी आधी टाकता येते. ताकद या ‘आधी’ मध्ये आहे. नुसत्या थंड पाण्याने मिळणारी वाढ किरकोळ असते.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे ब्यूक ग्रँड नॅशनल. ३.८ लिटरचं व्ही-६, टर्बो, १९८६ पासून इंटरकूलर, १९८७ मध्ये २४५ अश्वशक्ती. मूळचा थर्मोस्टॅट १९५ चा. बूस्ट वाढवला की या इंजिनात नॉकिंग दार ठोठावतंच. सेन्सरला ते कळलं की कॉम्प्युटर ठिणगी मागे ओढतो आणि गाडी मंदावते. पाव मैलाची शर्यत तेरा-चौदा सेकंदांत आटोपते. एवढ्या वेळापुरतं हेडचं लोखंड थंड मिळालं तर तो खरा फायदा आहे. म्हणूनच या गाड्यांसाठी १६० चा थर्मोस्टॅट आणि त्याला जुळणारी चिप अशी जोडी मिळे. चिपमध्ये फॅन लवकर सुरू होई, ठिणगीचं वेळापत्रकही बदललेलं असे. एलएस१ ची गोष्ट वेगळी नाही. पाणी आणि हवा ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की त्याचा कॉम्प्युटर टायमिंग कापतो. फॅन १०८ ऐवजी ८५-९० ला सुरू व्हायला सांगितलं तर ही कात्री टळते. पण मग थर्मोस्टॅट मूळचाच ठेवून फक्त फॅन सुरू होण्याचं तापमान बदललं तरी गर्दीतला सगळा फायदा मिळतो, हे विक्रेते सांगत नाहीत.

आता दुसरी बाजू. हेडला थंडावा हवा, पण सिलिंडरच्या भिंतींना आणि ऑइलला ऊब हवी. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पुरेसं तापलं तर ते उडून जातं. नाही तापलं तर साचतं आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते. भिंत थंड असेल तर वाफ तिथेच दवासारखी जमते, आम्लं तयार होतात, आणि धातू घासला जाण्याआधी गंजून झिजतो. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिलं होतं. शिवाय ॲल्युमिनियमचा पिस्टन ओतीव लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावतो, त्याची फट गरम इंजिन धरून ठरवलेली असते. ऑइलची घट्टताही १०० अंशांना मोजून ग्रेड ठरते. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये तर टॅकोमीटरभोवती दिवेच होते. ऑइल थंड असेपर्यंत ते लाल पट्टा अलीकडे आणत आणि ऑइल तापत जाई तसे एकेक करून विझत. गाडी पळवण्यासाठीच बनवणारे लोक मालकाला आधी थांबायला सांगत होते.

ही ओढाताण शेव्हरोलेची मूळ कंपनी असलेल्या जनरल मोटर्सच्याच अभियंत्यांनी १९९२ च्या एलटी१ इंजिनात ओळखली होती. त्यांनी पाण्याचा प्रवाह उलटा केला. थंड पाणी आधी हेडला, मग सिलिंडरकडे. त्यामुळे साध्या पंपावरच्या पेट्रोलवर दहाच्या वरचं कॉम्प्रेशन झेपलं आणि भिंती गरम राहिल्या. (डिस्ट्रिब्युटर मात्र त्यांनी पाण्याच्या पंपाखाली बसवला. पंप गळला की तो भिजून मरायचा. सगळंच काही सुचत नाही.) थर्मोस्टॅट बदलणाऱ्याला अशी निवड करता येत नाही. तो थंड करतो तेव्हा हेड, भिंती, ऑइल सगळंच थंड करतो.

१९९६ नंतरच्या अमेरिकी गाड्यांत कॉम्प्युटरची पाळतही असते. पाणी अपेक्षित तापमानाला पोहोचलं नाही, तर पुढच्या काळातल्या गाड्या पी-०१२८ हा कोड टाकून चेक इंजिनचा दिवा लावतात. काही गाड्या तर इंजिन अजून थंडच आहे असं समजून पेट्रोल थोडं जास्त ओतत राहतात.

नव्या गाड्यांत हा वाद आणखी अवघड झाला आहे. बीएमडब्ल्यूसारख्यांनी मेणाच्या कुपीत विजेचा छोटा हीटर बसवला. मेण एरवी १०० अंशांच्या वर उघडतं, म्हणजे निवांत चालताना इंजिन गरम, ऑइल पातळ, पेट्रोलची बचत. ॲक्सिलरेटर दाबला की कॉम्प्युटर हीटर लावतो, पाणी तेवढं तापलेलं नसतानाही मेण वितळतं, झडप लवकर उघडते आणि पाणी वीसेक अंशांनी खाली येतं. म्हणजे १६० वाल्याला जे हवं होतं ते ही गाडी गरजेपुरतं स्वतःच करते. तिच्यातला हा भाग काढून कमी अंशांचा साधा थर्मोस्टॅट बसवणं म्हणजे दोन तापमानांची सोय देऊन एक तापमान विकत घेणं. हीटर जळाला तर दिवा लागतो आणि गाडी गरमच चालत राहते. तेव्हा तोच मूळ भाग नवा आणावा, आणि प्लास्टिकचं घर असेल तर सोबतचा पाइपही बदलून घ्यावा, कारण त्या उष्णतेत तो ठिसूळ झालेला असतो.

(पुढच्या भागात : ऑइल कूलर, कुणाला लागतो आणि कुणाला नाही.)