सम्राटाचं मागणं

कुणी झटकन, त्रास न होता गेल्याचं कानावर आलं की रोमचा सम्राट ऑगस्टस देवांकडे एकच मागायचा: मला आणि माझ्या माणसांना असंच मरण येऊ दे. अशा मरणाला तो एका ग्रीक शब्दाने ओळखायचा, युथनेशिया. ‘यु’ म्हणजे चांगलं, ‘थानातोस’ म्हणजे मृत्यू. सुइटोनियस या चरित्रकाराने ही गोष्ट लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. हातपाय चालते आहेत तोवर ने रे बाबा, असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. सम्राटाचं मागणं त्याहून तसूभरही वेगळं नव्हतं. आणि ते पुरंही झालं. इ.स. १४ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, नोला गावी वडील ज्या खोलीत वारले होते त्याच खोलीत, पत्नी लिव्हियाच्या मिठीत त्याचा प्राण गेला.

या सगळ्यात डॉक्टर कुठेच नाही, औषध नाही, कायदा नाही! कुणी कुणाला काही करत नाही. युथनेशिया ही तेव्हा कृती नव्हतीच. पाऊस लाभावा तसं ते लाभायचं, किंवा लाभायचं नाही.

युथनेशिया या शब्दात डॉक्टर शिरला तो इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनमुळे. रोगी बरा होणार नाही असं दिसलं की वैद्य त्याच्याकडे पाठ फिरवतात, याची बेकनला चीड होती. वेदना कमी करून माणसाला सुखाने जाऊ देणं हीसुद्धा वैद्याचीच विद्या आहे, असं त्याने १६०५ मध्ये लिहिलं. पुढे १८२६ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठात कार्ल मार्क्स नावाच्या डॉक्टरांनी (हे ते अर्थशास्त्रज्ञ नव्हेत) याच विषयावर लॅटिनमध्ये व्याख्यान दिलं. मरणाऱ्याच्या वेदना शमवा, त्याला धीर द्या, निरुपयोगी उपचारांनी छळू नका, असं त्यांचं सांगणं. मात्र मृत्यू घडवून आणायला त्यांचा साफ विरोध होता. म्हणजे आज आपण जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतो, तिचं नाव तेव्हा युथनेशिया होतं!

मग क्लोरोफॉर्म आलं. शस्त्रक्रियेची वेदना पुसणारं औषध असाध्य दुखण्यातल्या माणसाला कायमचं का झोपवू शकत नाही, असा प्रश्न सॅम्युअल विल्यम्स या इंग्रजाने १८७० मध्ये जाहीरपणे मांडला. रुग्णाची तशी स्पष्ट इच्छा असली तरच, ही त्याची अट होती. शब्दाचा आजचा अर्थ इथून सुरू होतो.

ती अट नाझींनी चिरडली. १९३९ पासून जर्मनीत मनोरुग्णांना आणि अपंगांना कृपेचं मरण म्हणून मारण्यात आलं. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० माणसं विषारी वायूने संपवली गेली. त्यांच्यापैकी कुणीही मरण मागितलं नव्हतं. याला युथनेशिया म्हणणं ही त्या शब्दाची विटंबना आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

हा शब्द आपल्या दारात आला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातून. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या अमानुष हल्ल्यानंतर कधीच पूर्ण भानावर आल्या नाहीत. त्यांना दयामरण मिळावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली, पण त्याच निकालात काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायला देशात पहिल्यांदा वाट करून दिली. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विललाही, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेलाही, मान्यता दिली.

याचिका का फेटाळली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना अरुणाताई हव्या होत्या. एवढी वर्षं अंथरुणात काढूनही त्यांच्या अंगावर बेडसोअर नव्हता. अरुणाताईंवर हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा परिचारिकासुद्धा त्यांना भरवत, पुसत होत्या. अरुणाताई मरणपंथाला लागलेल्या नव्हत्या, तरीही गॉटिंगेनच्या त्या डॉक्टरांनी जे मागितलं होतं, ते त्या वॉर्डात २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत रोज घडत होतं.