एडीएचडीच्या तपासणीसाठी परदेश कशाला?

लक्ष टिकत नाही, कामे अर्धवट राहतात, उतावीळपणा आवरत नाही, अशा प्रौढांच्या एडीएचडीचे निदान परदेशातच नीट होते, हा समज शहापूर-मुरबाडकरांनी सोडून द्यावा. हे निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेच्या निकषांनुसार प्रौढात अनवधानाची किंवा अतिचंचलतेची किमान पाच लक्षणे लागतात. त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली आणि घर, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी जाणवणारी हवीत. त्याचा पुरावा आईच्या आठवणीत आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ अशा शेऱ्यात सापडतो. तो मराठी जाणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला थेट वाचता येतो.

परदेशात अनुभव जास्त, हा आक्षेप खोटा नाही. पण उपचार एका भेटीत संपत नाहीत. मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन या औषधांचा डोस हळूहळू ठरवतात. रक्तदाब, नाडी तपासत राहावे लागते. अमेरिकेत दिले जाणारे ॲम्फेटामाइन तर भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे तिकडे सुरू केलेला उपचार इकडे खुंटू शकतो. त्यापेक्षा ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलावे. आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याणमार्गे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठता येते. प्रौढ एडीएचडीची तपासणी करता का, हे तिथे स्पष्ट विचारावे. नाहीच जमले, तर मुंबईत केईएम आणि नायर ही रुग्णालये आहेत. सरकारी मानसिक आरोग्यसेवा हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, तो मागताना संकोच नको.